लाखभराचा डॅक घेतल्यावर गाणं खरंच जास्त चांगलं ऐकू येतं का?

हेडफोनचे दोन-चार व्हिडिओ पाहिले की इन्स्टाग्राम आणि यूट्यूबचा अल्गोरिदम तुम्हाला हळूहळू एका धातूच्या डब्याकडे घेऊन जातो. डब्याला एक गोल नॉब, छोटासा डिस्प्ले आणि मागे पाच-सहा सॉकेट. त्याचं नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक. किंमत हजार रुपयांपासून सुरू होते, दहा हजार, पन्नास हजार, लाख करत थेट काही लाखांपर्यंत जाते. खाली कमेंटमध्ये कुणी लिहितं की गाण्यावरचा पडदा बाजूला झाला, कुणी म्हणतं शंभरदा ऐकलेल्या गाण्यातला तानपुरा आज पहिल्यांदा ऐकू आला.

हे वाचून कुणालाही वाटेल की आपल्याकडे काहीतरी कमी आहे. मग ईएमआयचा हिशोब सुरू होतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: घरी गाणी ऐकण्यासाठी डॅक ही अडचण तंत्रज्ञानाने कधीच सोडवली आहे, आणि तीही स्वस्तात. काही हजारांच्या पुढे तुम्ही जे पैसे मोजता, त्यातले बहुतेक आवाजासाठी नसतात. पण हे असं का, आणि डॅक घेणं नेमकं कधी शहाणपणाचं ठरतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

डॅक म्हणजे नेमकं काय?

मोबाइलमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये आवाजाची पातळी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये लिहिलेलं असतं. स्पीकरला मात्र आकडे कळत नाहीत. त्याचा पडदा मागेपुढे हलवायला कमीजास्त होणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज लागतो. आकड्यांच्या यादीवरून हे व्होल्टेज तयार करण्याचं काम डॅक करतो. डॅकमधून निघालेला सिग्नल नाजूक असतो, त्याला ताकद देण्याचं काम पुढे अ‍ॅम्प्लिफायर करतो.

आता गंमत अशी की तुमच्या घरात आत्ताच पाच-सात डॅक असतील. मोबाइलमध्ये एक, लॅपटॉपमध्ये एक, टीव्हीत, सेट-टॉप बॉक्समध्ये, गाडीच्या स्टिरिओत. डिजिटल फाइलमधून आवाज काढणाऱ्या प्रत्येक वस्तूत डॅक असावाच लागतो. त्यामुळे खरा प्रश्न हा की आतला डॅक सोडून बाहेरचा घेतल्याने काय बदलतं.

आणि इथेच एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही ब्लूटूथ इअरबड्स किंवा ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत असाल, तर बाहेरच्या डॅकचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही. ब्लूटूथवरून गाणं आकड्यांच्या रूपातच जातं आणि त्याचं रूपांतर इअरबड्सच्या आत बसलेल्या चिपमध्ये होतं. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय केबलने जोडलेल्या साउंडबारचंही तेच. लाखाचा डॅक टेबलावर ठेवला, तरी या वाटेवर त्याचा कुठे संबंधच येत नाही.

एके काळी हे काम खरंच अवघड होतं

डॅकभोवती एवढं वलय आहे, त्याला इतिहासही कारण आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानमध्ये सीडीपी-१०१ हा सीडी प्लेयर विक्रीला आणला. किंमत होती १ लाख ६८ हजार येन. तेव्हा १६ बिटचा अचूक डॅक तयार करणं ही मोठी कसोटी होती. सीडीच्या निर्मितीत सोनीची भागीदार असलेल्या फिलिप्सकडे तर १४ बिटची चिप होती. त्यांनी ओव्हरसॅम्पलिंग नावाची युक्ती वापरली. आकड्यांचा वेग चौपट केला, त्यामुळे गोंगाट वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या भागात पसरला आणि त्या १४ बिटच्या चिपमधून जवळपास १६ बिटच्या तोडीचं काम काढून घेतलं.

त्या काळात दोन सीडी प्लेयरच्या आवाजात फरक असणं शक्य होतं. पण त्याला आता चार दशकं उलटली. डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या चिप आल्या, त्या कोट्यवधींच्या संख्येने बनू लागल्या आणि एके काळी महागड्या यंत्रात मिळणारी अचूकता नखाएवढ्या तुकड्यात येऊन बसली.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अ‍ॅपलचं हेडफोन अ‍ॅडॉप्टर. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला, तेव्हापासून अशा छोट्या वायरी लोकांच्या खिशात आल्या. ती नुसती वायर नाही, तिच्या आत डॅक आणि छोटा अ‍ॅम्प आहे. अमेरिकेत ती ९ डॉलरला मिळते. प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी मोजल्यावर तिच्या यूएसबी-सी आवृत्तीत नको असलेला गोंगाट आणि विकृती मूळ आवाजाच्या ९५ डेसिबलपेक्षाही खाली निघते. म्हणजे सिग्नलच्या पन्नास हजारांत एक भागापेक्षाही कमी.

या आकड्याला अर्थ कधी येतो? स्पीकरशी तुलना केल्यावर. चांगल्या घरगुती स्पीकरमध्येही खालच्या सुरांना आवाज जरा वाढवला की एखाद टक्का विकृती सहज येते. एक टक्का म्हणजे शंभरात एक. तुमच्या साखळीत एक कडी पन्नास हजारांत एक चूक करते आणि दुसरी शंभरात एक. लाख रुपये कुठल्या कडीवर घालायचे, हे मग वेगळं सांगायची गरज राहत नाही.

पण आकड्यांमध्ये आवाज 'तुटतो' ना?

सोशल मीडियावर एक चित्र हमखास दिसतं. एका बाजूला गुळगुळीत लाट आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांची लाट, खाली लिहिलेलं असतं 'डिजिटल'. मग सांगितलं जातं की महागडा डॅक आणि हाय-रेझोल्यूशन फाइल घेतली की पायऱ्या बारीक होतात.

हे चित्र दिशाभूल करणारं आहे. डॅकच्या तोंडातून पायऱ्या बाहेर पडत नाहीत. त्याच्यातला फिल्टर त्या ठिपक्यांमधून पुन्हा अखंड, गुळगुळीत लाट तयार करतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेलं गणित सांगतं की सिग्नलमध्ये जी सर्वात वरची कंपनसंख्या आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने मोजमाप घेतलं, तर मूळ लाट जशीच्या तशी परत मिळवता येते. मधल्या जागेत काही हरवत नाही.

सीडीचा वेग ४४,१०० आहे, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या खालचं सगळं तिच्यात मावतं. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. चाळिशी उलटल्यावर बऱ्याच जणांना १५-१६ हजारांच्या वरचं ऐकू येईनासं होतं. म्हणजे ज्या वयात महागडा डॅक परवडायला लागतो, त्या वयात कान त्याआधीच थोडे मागे आलेले असतात.

राहिला प्रश्न बिटांचा. १६ बिटमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आता आपली खोली पाहू. रात्री खिडक्या बंद असताना शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. छताचा पंखा लावला की तो ४० च्या पुढे जातो. त्याच्यावर ९६ डेसिबल हवे असतील, तर गाणं १३६ डेसिबलने वाजवावं लागेल. १२०-१३० डेसिबलला कान दुखायला लागतात. म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाचासुद्धा पुरेपूर उपयोग पुणे-मुंबईच्या फ्लॅटमध्ये करता येणं अवघड आहे. २४ बिटचा फायदा खरा आहे, पण तो रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओला.

कानांची परीक्षा घेतली तेव्हा काय झालं?

कागदावरचं गणित बाजूला ठेवू. शेवटी ऐकू येतं की नाही, हे महत्त्वाचं. ते तपासायची एक पद्धत आहे: ऐकणाऱ्याला कुठलं यंत्र चालू आहे हे कळू द्यायचं नाही आणि फक्त कानाने ओळखायला सांगायचं.

अमेरिकेत ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी असा प्रयोग केला आणि २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापला. त्यांनी हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज कधी थेट ऐकवला, तर कधी मध्ये एक फेरा घालून. त्या फेऱ्यात आवाज सीडीच्या दर्जाच्या आकड्यांमध्ये बदलला जायचा आणि पुन्हा डॅकमधून बाहेर यायचा. ऐकणाऱ्यांमध्ये व्यावसायिक रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि हौशी ऑडिओप्रेमीही होते. एकूण ५५४ वेळा विचारणा झाली, त्यातली २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. त्यात बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे ५२ टक्के निघालं. आधी खास प्रशिक्षण दिलेल्यांमध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे हाय-रेझोल्यूशन आणि सीडी दर्जा यांत शून्य फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण सराव करून, कान टवकारून बसल्यावरही दहातली चार उत्तरं चुकत असतील, तर 'पडदा बाजूला झाला' हे वर्णन त्याला शोभत नाही.

तिसरी घटना प्रयोगशाळेतली नाही, बाजारातली आहे, आणि जास्त बोलकी आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या विनाइल रेकॉर्ड काढते. तिच्या ग्राहकांची समजूत होती की मूळ टेपपासून रेकॉर्डपर्यंत सगळं काम अ‍ॅनालॉग पद्धतीने होतं, मध्ये डिजिटलचा वाराही लागत नाही. डिजिटलने आवाजातला जिवंतपणा जातो, असं मानणारी ही मंडळी. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की कंपनी २०११ पासून अनेक रेकॉर्डसाठी मध्ये डिजिटल टप्पा वापरत होती. म्हणजे टेपवरचा आवाज आधी आकड्यांत बदलला जात होता आणि पुन्हा रूपांतर करून रेकॉर्डवर कोरला जात होता.

दहा-अकरा वर्षं जगातल्या सर्वात चोखंदळ श्रोत्यांनी या रेकॉर्ड ऐकल्या, वाखाणल्या, ज्यादा पैसे देऊन विकत घेतल्या. पण हे बिंग कानांनी फोडलं नाही. अ‍ॅरिझोनातल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने आधी तसा आरोप केला आणि मग कंपनीच्याच इंजिनिअरनी कबुली दिली. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. ग्राहकांचा राग रास्त होता, कारण त्यांना एक सांगून दुसरं विकलं गेलं. पण त्याच घटनेने हेही दाखवून दिलं की आवाज आकड्यांत नेऊन परत आणण्याचं काम नीट केलं, तर कानाला पत्ता लागत नाही.

मग लोकांना फरक ऐकू येतो, तो खोटा का?

नाही. बहुतेक जण खोटं बोलत नसतात. त्यांना फरक जाणवतोच, फक्त त्याचं कारण डॅकमध्ये नसतं.

पहिलं कारण आवाजाची पातळी. दोन डॅकचं आउटपुट व्होल्टेज वेगळं असतं. एखाद्यातून आवाज जरासा मोठा आला, तर तो मोठा आहे असं वाटत नाही, तो जास्त भरदार आणि स्पष्ट वाटतो. अर्ध्या डेसिबलचा फरकही निकाल फिरवू शकतो. दुकानात दोन यंत्रं एकामागून एक ऐकवतात, तेव्हा पातळी मोजून सारखी केलेली क्वचितच असते.

दुसरं कारण लक्ष. नवीन वस्तू आणल्यावर आपण दिवे मंद करतो, फोन बाजूला ठेवतो, डोळे मिटून ऐकतो. त्या दिवशी मागचा तानपुरा ऐकू येणारच. तो आधीही होता, आपण भाजी चिरता चिरता ऐकत होतो.

तिसरं कारण अपेक्षा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीत स्पीकरवर प्रयोग केला. तेच स्पीकर, तेच श्रोते. एकदा स्पीकर दिसत होते, एकदा पडद्याआड होते. डोळ्यांनी दिसताना मोठ्या, देखण्या स्पीकरना जास्त गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त स्पीकरचे गुण घसरले. पडदा लावल्यावर ही दरी कमी झाली. हे श्रोते त्याच कंपनीत काम करणारे होते, कुणी अडाणी नव्हते. किंमत आणि देखणेपण माहीत असताना कानावर त्याचा परिणाम होऊ न देणं कुणालाच जमत नाही.

काही डॅकच्या आवाजात मात्र खरोखर फरक असतो. काहींमध्ये मुद्दाम व्हॅक्युम ट्यूब घातलेली असते, काहींमध्ये वरचे सूर थोडे आधीच कमी करणारा फिल्टर असतो. हा फरक मोजता येतो, कधी ऐकूही येतो. पण तो जास्त अचूकतेचा नाही, तो वरून लावलेला रंग आहे. तो आवडत असेल तर आनंद आहे. पण वरचे सूर कमी करण्यासारखा बदल मोबाइलमधल्या इक्वलायझरने फुकटात करता येतो.

जास्त पैसे नेमके कशाचे?

बाजारातल्या बहुतेक डॅकमध्ये ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अशा मोजक्या कंपन्यांच्या चिप असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका शहरात एकेएमच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. स्वस्त आणि महाग अशा दोन्ही गटांतल्या कंपन्यांची एकाच वेळी अडचण झाली आणि कित्येकांना दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नवीन रचना करावी लागली. काही महागड्या कंपन्या स्वतःची रचना करतात, त्यात कष्ट आणि कौशल्य नक्की आहे. पण ज्या पातळीच्या चुका कानाला ऐकूच येत नाहीत, त्या आणखी कमी केल्याने घरातल्या श्रोत्याला काय मिळणार?

बाकी पैसे जातात ते अ‍ॅल्युमिनियमच्या जाड खोक्याला, पॉवर सप्लायला, डिस्प्लेला, रिमोटला, कमी संख्येने उत्पादन होण्याच्या खर्चाला, वितरकाच्या मार्जिनला आणि आयात शुल्काला. यात काही गैर नाही. भारी घड्याळही स्वस्त घड्याळापेक्षा अचूक वेळ दाखवत नाही, तरी लोक हौसेने घेतात. फक्त ती हौस आहे हे माहीत असावं.

जाहिरातीतल्या दोन शब्दांपासून जरा सावध राहा. एक म्हणजे जिटर. आकडे वेळेवर न येता किंचित मागेपुढे होतात, त्याला जिटर म्हणतात, आणि त्यावर उपाय म्हणून महागडी 'क्लॉक' विकली जातात. जपानमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये तपासलं, तेव्हा संगीतात जिटर ओळखू यायला तो शेकडो नॅनोसेकंदांचा असावा लागला. आजच्या साध्या डॅकमध्येही तो त्याच्या कित्येक पट कमी असतो.

दुसरा शब्द म्हणजे 'खास फॉरमॅटला सपोर्ट'. एमक्यूए नावाचा फॉरमॅट २०१४ मध्ये मोठ्या गाजावाजाने आला. त्यासाठी परवाना घेतलेले डॅक लोकांनी विकत घेतले. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली. २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेनेही तो फॉरमॅट सोडून साधा, सगळीकडे चालणारा फ्लॅक स्वीकारला. डब्यावरचा तो लोगो मात्र तसाच राहिला.

डॅक घेणं कधी योग्य?

डॅक घेऊच नका, असं या लेखाचं म्हणणं नाही. पुढच्या परिस्थितीत तो खरंच कामाला येतो.

• फोनला हेडफोनचा जॅक नाही आणि तुमच्याकडे चांगले वायरवाले हेडफोन आहेत. हजार-दोन हजारांची यूएसबी-सी वायर पुरे. घेण्याआधी ती तुमच्या फोनवर पुरेसा मोठा आवाज देते का, ते तपासा. काही वायरी अँड्रॉइडवर आवाज कमी देतात.

• लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरच्या जॅकमधून खरखर येते. माउस हलवला की किरकिर, चार्जर लावला की गुणगुण असं होत असेल, तर आतल्या सर्किटचा गोंगाट आवाजात मिसळतोय. इथे बाहेरच्या डॅकने फरक पडतो आणि तो पहिल्या सेकंदाला कळतो. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबत असेल, तर आधी अर्थिंग आणि प्लग तपासा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

• हेडफोन भारी आहेत, पण आवाज पुरत नाही. सेनहायझर एचडी ६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं. इथे गरज अ‍ॅम्पची असते. बाजारात डॅक आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात मिळतात, म्हणून श्रेय डॅकला जातं.

• नवीन टीव्ही, जुना अ‍ॅम्प्लिफायर. टीव्हीला मागे फक्त ऑप्टिकल आउटपुट आहे आणि घरातल्या जुन्या स्टिरिओला लाल-पांढऱ्या पिनचं इनपुट. मध्ये साधा ऑप्टिकल डॅक लावला की झालं. आवाज आलाच नाही, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम निवडा. साध्या डॅकला डॉल्बीचा सिग्नल उलगडता येत नाही.

या चारही ठिकाणी हजारापासून ते दहा-बारा हजारांपर्यंत काम होतं.

आवाज सुधारायचाच असेल तर पैसे कुठे घालावेत?

क्रम साधा आहे. ज्या कडीत सर्वात जास्त बिघडतं, तिथून सुरुवात करायची.

पहिला नंबर स्पीकर किंवा हेडफोनचा. दोन वेगळ्या हेडफोनमधला फरक डोळे बांधूनही लगेच ओळखता येतो. डॅकसाठी बाजूला काढलेले पन्नास हजार इथे घातले, तर घरातल्या प्रत्येकाला फरक कळेल.

दुसरा नंबर खोलीचा. फरशी उघडी, भिंती मोकळ्या, समोर काचेचं कपाट अशा हॉलमध्ये आवाज आदळत राहतो आणि शब्द गढूळ होतात. खोलीच्या मापांमुळे खालचे काही सूर १० डेसिबलने फुगतात, काही दबतात. कुठलाही डॅक हे दुरुस्त करू शकत नाही. सतरंजी, जाड पडदे, भरलेलं पुस्तकांचं कपाट, सोफा याने पुष्कळ फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे ओढा, कानाच्या उंचीवर आणा. याला शून्य रुपये लागतात.

तिसरा नंबर मूळ रेकॉर्डिंगचा. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेलं गीतरामायण असो किंवा जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं, ती त्या काळच्या टेपवर झालेली आहेत. अशा टेपची क्षमता साधारण ६०-७० डेसिबलची, म्हणजे सीडीपेक्षा बरीच कमी. त्यातली सूक्ष्म सळसळ टेपमध्येच आहे. डॅक ती काढू शकत नाही, त्याने काढूही नये. त्यापेक्षा त्याच मैफिलीची चांगली प्रत शोधा. यूट्यूबवर कुणीतरी तिसऱ्यांदा कॉपी करून टाकलेल्या फाइलऐवजी अधिकृत प्रकाशन ऐकलं, तर जो फरक पडेल, तो लाखाच्या डब्याने पडणार नाही.

विकत घेण्याआधी घरीच तपासा

या लेखावर विश्वास ठेवू नका, दुकानदारावरही नको. एखाद्या मित्राचा महागडा डॅक दोन दिवसांसाठी मागून आणा आणि अशी परीक्षा घ्या.

१. दोन्ही डॅक एकाच अ‍ॅम्प्लिफायरला, वेगवेगळ्या इनपुटवर जोडा.

२. १०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. दोन्ही डॅकचं व्होल्टेज एक टक्क्याच्या फरकात येईपर्यंत त्यांचा आवाज कमीजास्त करा. ही पायरी गाळली, तर पुढचं सगळं फुकट.

३. तुम्ही पाठ करून बसा. कुठला डॅक लावायचा, हे दुसऱ्याने नाणं उडवून ठरवावं आणि कागदावर लिहून ठेवावं. त्याने काही बोलू नये.

४. ओळखीचं गाणं लावा, हवं तितका वेळ ऐका आणि उत्तर लिहा. असं १६ वेळा करा.

१६ पैकी १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर तुम्हाला फरक ऐकू येतोय असं मानायला जागा आहे. निव्वळ अंदाजाने एवढी उत्तरं बरोबर येण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के असते. ८-९ बरोबर आली, तर तो अंदाज होता. १२ च्या पुढे गेलात तरी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: इतका कान देऊन जो फरक पकडला, तो रोज संध्याकाळी गाणं ऐकताना मला लाख रुपयांचा वाटतो का?

उत्तर 'हो' असेल, किंवा ती वस्तू नुसती टेबलावर पाहूनच आनंद होत असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर खुशाल घ्या. पण रील पाहून, हप्ते बांधून, आपल्या घरातलं गाणं काहीतरी कमी ऐकू येतंय या भीतीने घेणार असाल, तर थांबा. आज रात्री टीव्ही बंद करा, पंखा एक घर कमी करा, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा आणि आवडती मैफल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. त्यानंतरही काही कमी वाटलं, तर नवीन हेडफोनपासून विचार सुरू करा.